साखर जाते कुठे?



पहिल्या तीन रांगांत बरीच ओळखीची पोटं दिसतायत. हसू नका, व्यासपीठावरचंही एक त्यातलंच आहे.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी यंदा वाचनालयाच्या दारात आठ दिवस एक डबा ठेवला होता. डॉक्टरांना काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून टाका, नाव लिहू नका. नाव नसल्यामुळे लोकांनी दवाखान्यात जे कधी विचारलं नाही ते विचारलं. सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या निघाल्या: गोळी घ्यावी की व्यायाम करावा? ज्यांच्या स्मृतीसाठी आज आपण जमलोय त्या सरांनी या प्रश्नाचं उत्तर कधीच देऊन टाकलं होतं. दिवसा शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी तालमीत आम्हाला मातीत लोळवायचे. पुढे मी डॉक्टर होऊन गावात आल्यावर ते मला म्हणायचे, "गोळी म्हणजे उसनं बळ रे. उसन्यावर किती दिवस काढणार?"

आपण कृष्णाकाठची माणसं. साखर कारखान्याची चिमणी दिसली की गाव आलं म्हणायची आपली सवय. त्यामुळे मी आज 'की' बाजूला ठेवतो आणि कारखान्याच्या भाषेत वेगळा प्रश्न विचारतो. माल तयार झाला. तो जातो कुठे?

आपल्या सगळ्या रक्तात मिळून, उपाशीपोटी, साखर असते फक्त चार-पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. आता एका जेवणाचा हिशोब करा. दोन भाकऱ्या, वर भात, अशा ताटातून साठ-सत्तर ग्रॅम तरी साखर आत येते. चमचाभराच्या भांड्यात वाटीभर माल. तरी धडधाकट माणसाची साखर दोन तासांत जागेवर येते, कारण माल आला की लगेच उचल होते. काही माल यकृत ठेवून घेतं, शंभरएक ग्रॅमपर्यंत. मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. मांड्या, कुल्ले, पाठ, दंड. तिथे चारशे ग्रॅमच्या आसपास मावते आणि जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने उचलल्या जाणाऱ्या साखरेतला मोठा वाटा इथेच येतो.

इन्सुलिन म्हणजे गेटपास. तो दाखवला की स्नायूच्या पेशीची दारं उघडतात आणि साखर आत जाते. टाइप टू मधुमेहात बहुतेकदा सुरुवातीला गेटपास भरपूर असतात, कधी गरजेपेक्षा जास्त, पण वॉचमन ते मानत नाही. पेशीत चरबीचे अंश साचले की दाराचं कुलूप गंजतं, असं समजा. मग स्वादुपिंड आणखी पास छापत बसतं आणि छापून छापून थकतं. त्यात भर म्हणजे यकृताचा कारखाना रात्री ऊस आलेला नसतानाही गाळप करतो, स्वतःच साखर बनवून रक्तात सोडतो. "रात्री काही गोड खाल्लं नाही, तरी सकाळची साखर १६० कशी?" अशा पाच चिठ्ठ्या आहेत. हे त्यांचं उत्तर.

हा गंजाचा विषय जगापुढे ठळकपणे आला तोही एका स्मृतिव्याख्यानात. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग यांच्या नावाचं व्याख्यान १९८८ मध्ये अमेरिकेच्या जेराल्ड रीव्हन यांनी दिलं. रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड यांची टोळी एकत्र का फिरते, तर तिच्यामागे इन्सुलिन न जुमानणं आहे, असं त्यांनी मांडलं आणि टोळीला नाव दिलं 'सिंड्रोम एक्स'. 'हॉर्मोन' हा शब्द जन्मला तोही व्याख्यानातच, १९०५ साली लंडनमध्ये. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी ग्रीक भाषेतून तो आणला. अर्थ असा की चेतवणारा, हलवून जागं करणारा. मराठीतला 'संप्रेरक' मला त्याहून देखणा वाटतो, पण दवाखान्यात कोणी वापरत नाही. स्टार्लिंग आणि त्यांचे मेहुणे बेलिस यांना १९०२ साली सापडलेलं संप्रेरक आतड्यातलं होतं, हे लक्षात ठेवा. आतड्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

तर, गेटपास चालत नसला तर माल बाहेरच सडणार का? नाही. गोदामाला मागचं दार आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो आतूनच दार उघडतो, इन्सुलिनचा पास न विचारता. व्यायामाने साखर कमी होते ती कॅलरी जळतात म्हणूनच, असं आपण समजतो. खरी गंमत या मागच्या दारात आहे. शिवाय चांगला व्यायाम झाला की पुढच्या दारावरचा वॉचमनही एक-दोन दिवस नीट वागतो. म्हणून रविवारी दहा किलोमीटर आणि मग शनिवारपर्यंत आराम, या पद्धतीचा फारसा उपयोग नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका.

आता माझी एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत एक गृहस्थ यायचे. काटक, लेंग्याची नाडी कायम सैल. थकवा येतो म्हणायचे. मी त्यांना म्हणालो होतो, "तुमच्यासारख्या माणसाला कसला मधुमेह?" आणि टॉनिक लिहून दिलं. दीड वर्षाने ते पायाच्या जखमेसाठी आले तेव्हा साखर तीनशेच्या वर होती. मी काट्याकडे पाहिलं होतं, माणसाकडे नाही. कारखान्याच्या काट्यावर आपला कुणाचा विश्वास नसतो, पण घरातल्या वजनकाट्यावर मात्र श्रद्धा!

पुढे पुण्याच्या एका संशोधनाने माझे डोळे उघडले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघं शेजारी उभे, उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचं नेमकं सारखं: २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. काट्याला दोघं सारखेच, आतला हिशोब दुपटीहून वेगळा. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडमधली साडेतीनची. आपली बाळं कशात कमी पडली? स्नायूत. चरबीत जवळजवळ नाही. म्हणजे छोटं गोदाम घेऊनच आपण जन्माला येतो आणि पुढे त्यावर दिवसभर खुर्ची आणि मोटरसायकल. म्हणूनच आपल्याकडे कमरेचा घेर पाहतात: पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०. त्यापुढे गेलात तर काटा काहीही सांगो, तपासणी करा.

गोळी की व्यायाम? या प्रश्नावर मोठे प्रयोग झालेत. २००२ साली अमेरिकेतला निकाल आला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांत आहार-व्यायामाने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. सर असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. पण थांबा. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या माणसांवर तसाच प्रयोग केला, निकाल २००६ चा. काहीच न केलेल्यांत तीनेक वर्षांत शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम करणाऱ्यांत ३९, गोळी घेणाऱ्यांत ४०, दोन्ही करणाऱ्यांत पुन्हा ३९. मला यातला पहिला आकडा झोप लागू देत नाही. उंबरठ्यावरची निम्म्याहून जास्त माणसं तीन वर्षांत घरात! अमेरिकेत हा वेग बराच कमी होता. आणि २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीने सांगितलं की देशात उंबरठ्यावर १३.६ कोटी माणसं उभी आहेत, आत गेलेली १०.१ कोटी वेगळी.

आता मेटफॉर्मिन, कारण या गोळीवर चिठ्ठ्याही भरपूर आणि अफवाही. तिचं मूळ युरोपातल्या एका रानटी शेंगवर्गीय वनस्पतीत आहे. पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये मधुमेहासाठी तिचा वापर प्रसिद्ध केला. ती मुख्यतः यकृताचं रात्रीचं गाळप आवरते. "किडनी खराब होते म्हणतात, खरं का?" नाही. किडनी आधीच बरीच खालावली असेल तर गोळी शरीरात साचते, म्हणून तेव्हा डोस कमी करतात किंवा ती बंद करतात. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल तेव्हाही काही दिवस थांबवतात. लोक कारणाला परिणाम आणि परिणामाला कारण समजतात. तिची एक बहीण होती, फेनफॉर्मिन. रक्तात आम्ल वाढून माणसं दगावल्यामुळे १९७० च्या दशकात ती बहुतेक देशांतून गेली. बहिणीची बदनामी हिला चिकटली.

खरी तक्रार वेगळी आहे आणि ती कोणी चिठ्ठीत लिहिलेली नाही. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतली की बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी होतं. आपल्याकडे शाकाहारी माणसात ते आधीच तळाला असतं. मग पायांना मुंग्या येतात, तळवे बधिर होतात आणि आपण सगळं साखरेच्या खात्यावर टाकतो. साखर ताब्यात असूनही पाय जळजळत असतील तर बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. कधीकधी स्वस्तातल्या इंजेक्शनांनी काम होतं.

"गोळी घेऊन व्यायाम केला तर दुप्पट फायदा ना?" हा प्रश्न फार हुशार आहे. उत्तर गोंधळात टाकणारं. २०१९ मध्ये अमेरिकेत पासष्टी उलटलेल्या, मधुमेह नसलेल्या माणसांना चौदा आठवडे वजनं उचलायला लावली. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना दिसायला तशीच खोटी गोळी. स्नायू जास्त भरले ते खोटी गोळीवाल्यांचे. याचा अर्थ मधुमेहींनी गोळी फेकावी असा नाही. पण मधुमेह नसताना, तारुण्य टिकतं म्हणून ती घेणारी मंडळी पुण्या-मुंबईत तयार झालीत. त्यांनी याचा विचार करावा. एक आणि एक दोन होतील, असं शरीराच्या गणितात गृहीत धरता येत नाही.

थायरॉईडच्या चिठ्ठ्या बहुतेक बायकांच्या. अक्षरावरून ओळखतो असं नाही, पण "माहेरी सगळे बारीक" हे वाक्य पुरुष लिहीत नाहीत. थायरॉईड कमी पडल्याने वजन वाढतं, पण बहुतेकांत तीन-चार किलोच, तेही बरंचसं पाणी. बाकीचे पंधरा किलो थायरॉईडच्या नावावर टाकू नका. गोळी मात्र पहाटे उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नको, चहाला निदान अर्धा तास थांबा. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी चार तास लांब. पाळी जाण्याच्या सुमारास मांड्या-कुल्ल्यांवरची चरबी पोटाकडे सरकते, ते इस्ट्रोजेन घटल्यामुळे, तुमच्या आळशीपणामुळे नाही. आणि गुडघेदुखीवर जादूसारखा गुण देणारी बिननावाची पुडी कुठूनही आणत असाल तर मला आधी दाखवा. अशा पुड्यांत स्टेरॉइड सापडलेलं आहे. स्टेरॉइड हे कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं सख्खं भावंड. दुखणं पळवतं, साखर चढवतं आणि मांड्यांचे स्नायू खातं.

आता आठवड्याचं इंजेक्शन. "पुण्याच्या पाहुण्यांचं बारा किलो उतरलं, आपल्याकडे मिळेल का?" मिळतं. टिरझेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, दोन्ही इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली. इथे आपण आतड्याकडे परत आलो. जेवण आतड्यात उतरलं की तिथून जीएलपी-वन नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाला सांगतं माल आलाय, जठराला सांगतं सावकाश सोड, मेंदूला सांगतं पुरे. अडचण एवढीच की दोनेक मिनिटांत त्याचे तुकडे होतात. उपाय सापडला अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला नावाच्या विषारी सरड्यात. दिसायला गुबगुबीत घोरपड. घोरपडे मंडळींनी रागावू नये. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये त्याच्या विषात जीएलपी-वनसारखंच पण टिकाऊ रसायन सापडलं आणि त्यावरून २००५ मध्ये पहिलं औषध बाजारात आलं. सेमाग्लुटाइड मात्र माणसाच्या संप्रेरकावरूनच बनवलंय; त्याला असं शेपूट जोडलंय की ते आठवडाभर रक्तात टिकतं.

औषध चांगलं आहे. मी देतो. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. शंभर किलोचा माणूस पंच्याऐंशीचा. पण बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. आणि उतरतं ते सगळं चरबीचं नसतं. त्याच चाचणीत काही जणांची आतली मोजणी झाली, तेव्हा घटीतला एक तृतीयांशाहून जास्त वाटा चरबीविरहित होता. त्यात स्नायूही आले. गोऱ्या माणसाला ते परवडेल. आपण मुळात छोट्या गोदामाचे धनी. सहा महिने इंजेक्शन घेऊन भिंती पाडल्या आणि मग बंद केलं, तर परत येते ती चरबी, भिंती नाही. म्हणून माझ्याकडे इंजेक्शन हवं असेल तर माझी अट आहे. आधी समोरच्या खुर्चीवरून, हात न टेकता, छातीशी हाताची घडी घालून, दहा वेळा उठून दाखवायचं. पन्नाशीतले एक कापडदुकानदार परवा चौथ्या वेळी थांबले. गुडघ्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं, हात काढला, आणि उठताच येईना. त्यांना आधी महिनाभर रोज खुर्चीवरून उठबस, आठवड्यातून दोनदा पाण्याने भरलेल्या कॅनांची उचल, आणि ताटात डाळ-उसळ-अंडी. घट्ट वरणाच्या वाटीत प्रथिनं मिळतात पाच-सहा ग्रॅम, साठ किलोच्या माणसाला दिवसाला लागतात साठच्या आसपास. आपल्या पातळ वरणाचा हिशोब तुम्हीच करा.

"शेतात राबतो, मला वेगळा व्यायाम कशाला?" ही चिठ्ठी रागाने लिहिलेली आहे, पेनाने कागद फाटलाय. खरोखर राबणाऱ्याला मी काही सांगणार नाही. ऊस तोडणाऱ्या बाईला व्यायाम शिकवणं हा उद्धटपणा होईल. पण आपल्यातल्या किती जणांची पाण्याची मोटार आता मोबाईलवरून चालू होते? लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची तुलना छापली. एकाच बसवरची, एकाच थरातली माणसं. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या कंडक्टरांना कमी. मॉरिस यांनी पुढे स्वतःवरच शंका घेतली आणि गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या. तर ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला आधीच मोठ्या! स्वतःच्या निकालावर असा संशय घेणारा माणूस मला फार आवडतो. पुढारी आणि शेतमजूर दोघंही स्वतःला शेतकरी म्हणवतात. तुम्ही बसच्या कोणत्या सीटवर आहात ते तुम्हालाच ठाऊक.

चालणं? चाला. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे माल येत असतानाच मागचं दार उघडं राहील. मात्र नुसत्या चालण्याने भिंती वाढत नाहीत. त्यासाठी ओझं लागतं. आपल्या तालमीत ते फुकट मिळायचं.

तालमीवरून शेवटची चिठ्ठी. "सर तालमीत पडले होते ते हार्टमुळे का?" नाही. गावात इतकी वर्षं तसंच बोललं जातं, म्हणून आज सांगतो. त्यांच्या घरच्यांची परवानगी घेतलीय.

सरांना साठीत मधुमेह निघाला. उसनं बळ नको म्हणून दोन वर्षं नुसते नमस्कार घातले आणि साखर वाढत गेली. शेवटी माझ्या आग्रहाखातर गोळी सुरू केली. मी दिली ती ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला दाबून पास छापायला लावते, माल आलाय की नाही हे न बघता. त्या दिवशी संकष्टी होती. सर चंद्र दिसल्याशिवाय अन्नाला शिवत नसत. सकाळी गोळी घेतली, वर कपभर चहा, दिवसभर काही नाही. संध्याकाळी पोरांपुढे नमस्कारांचं प्रात्यक्षिक. म्हणजे पुढच्या दाराला गोळीने छापलेले पास, मागचं दार स्नायूंनी उघडलेलं, आणि गाडीत मालच नाही.

मला बोलावलं तेव्हा ते तालमीच्या पायरीवर बसले होते. अंगाला माती आणि घाम, बनियन पिळून निघेल इतका. मला ओळखलं, पण माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. बोटातून रक्त काढलं, साखर ४६. गिळता येत होतं, म्हणून मारुतीपुढचा गूळ तोंडात दिला. उपास मोडतो म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. पोरांनी हात धरले. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा पाहिली, मग केळं, दूध. या गोळीचा अंमल लांबतो, म्हणून रात्रभर त्यांच्या ओसरीवर बसून राहिलो. पहाटे दोनला ते पूर्ण भानावर येऊन म्हणाले, "गोळीपण घेतली, नमस्कारपण घातले. तुझं दोन्ही ऐकलं. मग चुकलं कुठं?"

माझं चुकलं होतं. मी त्यांच्या साखरेचा तक्ता वर्षभर ठेवला होता, पण महिन्यातून किती दिवस जेवत नाहीत हे एकदाही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती गोळी बंद केली, मेटफॉर्मिन दिली. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर औषधांच्या आधी एक ओळ असते: उपास कोणते.

सरांनी उपास सोडले नाहीत, नमस्कारही नाहीत. फक्त सदऱ्याच्या वरच्या खिशात कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा आला. सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, सांगत, धुवायला टाकलेल्या प्रत्येक सदऱ्याला मुंग्या लागलेल्या असायच्या.